कानवली : एका हलक्या वहाणेचें कौतुक



संग्रह करणाऱ्या माणसाकडे जग थोड्याशा कींवेनें पाहत असतें. कोणी तिकिटें जमवितो, कोणी नाणीं, कोणी अडकित्ते. आणि घरचीं माणसें हा छंद निमूटपणें सोसतात, कारण या वस्तु निदान कपाटांत ठेवण्यासारख्या तरी असतात. परंतु एखादा गृहस्थ वहाणा जमवूं लागला म्हणजे मात्र घरच्यांच्या सोशिकपणाची खरी परीक्षा होते. आमच्याकडे हा प्रश्न अक्षरशः उंबरठ्याचा झाला. वहाणा उंबरठ्याबाहेर ही सर्वमान्य रीत. आणि माझ्या वहाणा कागदांत गुंडाळून, खोक्यांत घालून, पुस्तकांच्या कपाटांतील खालच्या दोन फळ्यांवर! माझ्या आत्याबाई त्या खोलींत पाऊल टाकण्यापूर्वीं स्वतःच्या चपला बाहेर काढीत, आंत येत, एकदां त्या खोक्यांकडे व एकदां माझ्याकडे पाहत, आणि कांहीं न बोलतां बसत. त्यांच्या त्या न बोलण्याला दिलेलें हें लांबलेलें उत्तर आहे असें समजलांत तरी चालेल.

पादत्राणांचा संग्रह ही कल्पना आपल्याला विचित्र वाटली तरी पश्चिमेकडे ती आतां मोठ्या उलाढालीची बाब झाली आहे. तेथील संग्राहकांचें आराध्यदैवत म्हणजे बास्केटबॉलचा बूट. हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनीं १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें बसविला. आम्हां नगरकरांना या इतिहासांत एक गंमत सांपडते. १८३१ सालीं ज्या अमेरिकन मिशननें अहमदनगरांत ठाणें दिलें, त्या मिशनच्या मूळ मंडळाची कचेरी बोस्टन शहरीं होती. आणि त्याच बोस्टनजवळच्या माल्डन गांवीं १९०८ सालीं कॉन्व्हर्स नांवाची रबरी जोडे करणारी कंपनी निघाली. तिनें १९१७ सालीं ऑल स्टार हा बूट काढला. कापडी अंग, रबरी तळ, घोटा झांकणारी उंची. चामड्याच्या बुटापुढें तो इतका हलका कीं खेळाडूंनीं पायांतला हा बूट डोक्यावर घेतला. पुढें चक टेलर नांवाच्या खेळाडूची सही त्या बुटाच्या घोट्यावरील गोल चकतीवर उमटली, आणि तेव्हांपासून लोक त्या बुटाला त्या माणसाच्याच नांवानें ओळखूं लागले. १९८५ पासून मायकेल जॉर्डन यांच्या नांवाच्या बुटांनीं तर या छंदाचें वेडांत रूपांतर केलें. म्हणजे ज्यानें बूट घातला त्याचें नांव बुटाला लागलें. ज्यानें शिवला त्याचें नाहीं. हा नांवाचा मुद्दा लक्षांत असूं द्यावा, पुढें त्याचें काम पडणार आहे.

असा एक हलका, घाटदार, शंभर वर्षें टिकलेला आदर्श आपल्याकडे आहे काय? आहे, आणि तो आपल्या इतका नित्याचा कीं त्याचें कौतुक करण्याचें सुचत नाहीं. मी कोल्हापुरी चपलेविषयीं बोलतों आहें; त्यांतही जिला कानवली म्हणतात त्या पातळ जातीविषयीं. कोल्हापुरी हें नांव तसें अलीकडचें. पूर्वीं कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी अशीं नांवें चालत. त्यांतलें कापशी हें कागल तालुक्यांतील गांवाचें नांव. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत या धंद्यास उत्तेजन मिळालें, परंतु तोंवरची वहाण ही जाड तळाची व भारीच होती. धंद्यांतील लोक असें सांगतात कीं १९२० च्या सुमारास सौदागर घराण्यांतील कारागिरांनीं हिचा तळ उतरविला, अंग पातळ केलें, बाजूंना कानासारखे दोन सुबक पट्टे ठेवले, आणि त्या कानांवरून तिला कानवली नांव पडलें. मुंबईच्या एका दुकानानें ती विकावयास घेतली, शहरी गिऱ्हाइकाला ती आवडली, मागणी वाढली, आणि मग त्या घराण्यानें इतरांसही ती शिकविली. ही हकीकत मीं अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. मला तिच्यांतला शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो. आपलें गुपित पेटींत कुलूप लावून ठेवलें असतें तर आज कानवली एखाद्या संग्रहालयांत पडली असती.

हलकेपणाची किंमत कळावयाची तर आधीं जड वहाण पाहिली पाहिजे. आणि ती पाहण्यास आमच्या जिल्ह्यासारखें ठिकाण नाहीं. नगरच्या माळावर बाभळीचा कांटा जितका सुलभ तितकें पाणी दुर्लभ. नेवासें तालुक्यांतील घोडेगांवच्या जनावरांच्या बाजारांत जुन्या पिढीचे शेतकरी ज्या वहाणा घालून येत, त्यांना चप्पल म्हणणें हा त्यांचा उपमर्दच होय. दोनतीन थरांचा तळ, टांचेखालीं नाल, आणि चालतांना अशी करकर कीं माणूस दृष्टीस पडण्यापूर्वीं कानीं पडे. ही करकर दोष नव्हे. ती हौस असे. माझ्या संग्रहांत असा एक जोड आहे. तो वाण्याच्या कांट्यावर घातला तेव्हां दीड किलोच्या आसपास भरला. नवी वहाण आठवडा आठवडा तेलांत मुरवावी, मग ती पायाला चावून चावून शेवटीं शरण यावी, हा तेव्हांचा क्रम. कानवलीचा जोड त्याच कांट्यावर ठेवला, तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यासही पुरा पडला नाहीं. आणि पाश्चात्त्य संग्राहक ज्याच्या हलकेपणाचे गोडवे गातात तो कापडी बूटही आमच्या कानवलीपेक्षां भारी निघाला! अर्थात् ती घालून बास्केटबॉल खेळावा असें माझें म्हणणें नाहीं.

नभोवाणीवर वस्तु दाखवितां येत नाहीं, म्हणून माझ्या शब्दांवरूनच तिची आकृति मनांत उभी करावी. तळ म्हशीच्या कातड्याचा. हें कातडें रसायनांनीं झटपट न कमावतां बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यानें कमावलेलें. जुनी रीत अशी कीं अख्खें कातडें शिवून त्याची पिशवी करीत, तींत सालीचा काढा भरून ती टांगून ठेवीत, आणि तो काढा हळूहळू कातड्याच्या आरपार झिरपे. हें काम बहुधा ढोर समाजाचें, आणि पुढचें शिवण्याचें चर्मकारांचें. दिवसच्या दिवस खाणारें, वासाचें व पाण्याचें हें काम. त्यावर जगणाऱ्यांना गांवानें आपल्या पाणवठ्यापासून दूर ठेवलें, आणि त्यांच्या हातचा माल मात्र पायांत घातला.

तळाचे दोन थर. या दोन थरांच्या मध्यें दोन्ही बाजूंचे कान धरलेले असतात. वर पायाच्या पाठीवरून जाणारा पट्टा, अंगठ्यासाठीं एक गोल कडें, आणि पट्ट्याच्या मधोमध बकऱ्याच्या मऊ चामड्याची बारीक वेणी. कोठें गोंडा असतो, कोठें नसतो. मला स्वतःला बिनगोंड्याची आवडते. शिवण सुताची नव्हे, तर चामड्याच्याच बारीक वादीची. खिळा एकही नाहीं. हत्यारें म्हणाल तर रापी, आरी आणि ठोकावयाला एक जड वस्तु; एका लहानशा पिशवींत मावतील एवढींच.

आतां हलकेपणाविषयीं. सामान्य समजूत अशी कीं वस्तु हलकी करणें म्हणजे तिच्यांतून माल काढून घेणें. तसें असतें तर जगांतील प्रत्येक लबाड दुकानदार थोर कारागीर ठरता. जाड वहाणेंत चूक लपते. शिवण वाकडी गेली, कातड्याचा तुकडा नरम निघाला, तरी खालीं दोन बोटें चामडें असतें, तें सांभाळून घेतें. कानवलींत लपावयास जागाच नाहीं. पाठीकडचें कातडें घट्ट व सारख्या विणीचें असतें, पोटाकडचें सैल व ताणलें जाणारें. तळाला पोटाचा तुकडा लागला तर महिन्यांत तो पसरतो. कानाला फार ताठर तुकडा लागला तर तो वांकतांना चिरतो. शिवाय चालतांना सगळा ओढा कानाच्या मुळाशीं येतो. तो कान दोन थरांत किती आंतवर जावा, वादीचे टाके किती अंतरावर पडावे, हें मोजपट्टीवर ठरत नाहीं. टाके दूर पडले तर कान निसटतो, फार जवळ पडले तर त्याच भोंकांच्या ओळीवर चामडें फाटतें. रापीनें कडा उतरवितांना हात एकदां अधिक दाबला गेला कीं तो तळ गेला. म्हणून मी नवा जोड हातीं आला म्हणजे वरची वेणी पाहत नाहीं. आधीं उलटा करून कानाचें मूळ पाहतों. दुकानदारांना हें आवडत नाहीं.

अशा एका जोडाचा कान कांहीं वर्षांपूर्वीं निसटला, तेव्हां मी तो नगरांतच रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकाराकडे नेला. त्यांच्यापुढें शाळकरी मुलांचे बूट, प्लास्टिकच्या सपाता आणि एक फाटकें दप्तर पडलें होतें. त्यांनीं तो जोड हातांत घेतला, अंगठ्यानें कड दाबून पाहिली, आणि बराच वेळ खालीं ठेवला नाहीं.

“गुरुजी, हिला खिळा मारला तर ही मेली,” ते म्हणाले. “वादीच घालाया लागल. वादी माझ्याकडं नाही. आणून द्या, मंग बसवितो.”

“मिळेल कोठें, बाबा?”

“आता हितं नाही मिळायची.” मग जोड माझ्या हातीं देतांना त्यांनीं विचारलें, “केली कुणी?”

तो जोड मीं दुकानांतून घेतला होता, आणि दुकानांत विचारतां “आमचाच माल आहे” एवढेंच उत्तर मिळालें होतें. इतक्या वर्षांत माझे जोड पाहणाऱ्या पुष्कळांनीं किंमत विचारली होती, वय विचारलें होतें, एकानें विकतां का म्हणूनही विचारलें होतें. करणाऱ्याचें नांव विचारणारे हे पहिलेच. तेव्हांपासून प्रत्येक खोक्यांत एक चिठ्ठी ठेवण्याचा क्रम मीं सुरू केला : जोड कोठला, कोणत्या सालचा, आणि कोणीं केला. पहिले दोन रकाने भरण्यास कांहींच आयास पडत नाहींत. तिसरा रकाना भरण्यासाठीं मात्र मला कोल्हापूरच्या चप्पल लाईनींतून सुभाषनगरापर्यंत आणि तेथून सीमेपलीकडे बेळगांव जिल्ह्यांतील अथणीपर्यंत जावें लागलें.

अथणीचें नांव ऐकून कोणी दचकूं नये. कोल्हापुरी म्हणून विकला जाणारा बराच माल कानडी मुलुखांत तयार होतो. २०१८-१९ मध्यें या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालें तें आठ जिल्ह्यांना मिळून : इकडील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून दोन राज्यें भांडत असतां चपलेनें मात्र दोन्ही बाजूंस एकेक पाऊल ठेवलें आहे. आमचा जिल्हा त्या यादींत नाहीं; सोलापुरापर्यंत येऊन यादी थांबली. त्याच मुलुखांत बसवेश्वरांच्या काळची हरळय्याची कथा सांगतात. हरळय्या व त्याची पत्नी कल्याणम्मा यांनीं आपल्या मांडीचें कातडें काढून बसवेश्वरांसाठीं पादत्राणें केलीं, आणि बसवेश्वरांनीं तीं पायांत न घालतां मस्तकीं धरलीं. कथेची सत्यासत्यता मी पाहत नाहीं. परंतु भरतानें सिंहासनावर ठेविलेल्या पादुकांची गोष्ट आपल्या घरोघर ठाऊक आहे, आणि तींत पादुका कोणाच्या हें आहे, कोणीं केल्या हें नाहीं. हरळय्याच्या कथेंत करणाऱ्यांचीं नांवें आहेत, आणि तींही दोघांचीं.

अथणीस ज्या घरीं मी गेलों तेथें गृहस्थ तळ कापीत होते व त्यांची पत्नी वेणी घालीत होती. घर लहान, दारांतूनच ऊन येत होतें, तेवढ्या उन्हांत दोघांचें काम चाललें होतें. मीं नांवाची गोष्ट काढली. चपलेवर आपण आपलें नांव कां घालीत नाहीं, असें विचारलें. गृहस्थांनीं रापी खालीं ठेवली.

“घालूं कुठें? तळाखालीं घातलें तर धुळींत, वर घातलें तर टांचेखालीं. आपलें नांव आपणच दुसऱ्याच्या पायाखालीं द्यायचें काय?”

याला काय उत्तर द्यावें? ज्या समाजाला शतकानुशतकें पायाखालीं ठेवण्यांत आलें, त्यांतील माणसाला तुझें नांव तळव्यावर छाप असें सांगणें मला जड गेलें. विलायती कंपन्यांचीं नांवें बुटाच्या तळावर असतात, तीं खुशाल तुडविलीं जातात. कंपनीला अपमान वाटत नाहीं. माणसाची गोष्ट निराळी. तेवढ्यांत त्या बाई मान वर न करतां म्हणाल्या, “कानाच्या आंतल्या अंगाला घाला कीं. तिथें पाय नुसता लागतो, भार नाहीं पडत.” गृहस्थ हंसले, पण पटलें असें दिसलें नाहीं. मग बाईंनींच पुढें सांगितलें कीं त्यांना नांवाची गरज नाहीं, वेणीवरून त्या आपली चप्पल कोठेंही ओळखतात. मीं बरोबर नेलेले तीन जोड त्यांच्यापुढें मांडले. त्यांपैकीं एक त्यांच्याच घरचा असल्याचें मला विकणाऱ्यानें सांगितलें होतें. त्यांनीं तो क्षणांत उचलला. वेणीचीं टोंकें पट्ट्याखालीं कोणत्या बाजूस दुमडलीं आहेत हें दाखविलें. शेजारच्या घरीं उलट्या बाजूस दुमडतात म्हणाल्या. त्या जोडाच्या चिठ्ठीवर मीं दोघांचींही नांवें लिहून घेतलीं. तीं येथें सांगत नाहीं, कारण त्यांनीं निघतांना एक विनंती केली होती : “रेडिओवर नको, गुरुजी. माल घेणारे व्यापारी ऐकतील.”

यानंतर जें घडलें तें तुम्हीं वर्तमानपत्रांत वाचलेंच असेल. जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा या कंपनीच्या वेषप्रदर्शनांत हुबेहूब आपल्या घाटाच्या चपला झळकल्या, आणि त्या कोठल्या याचा प्रथम उच्चारही झाला नाहीं. ओरड झाली, कंपनीनें मूळ स्थान मान्य केलें, तिचे लोक कोल्हापुरास येऊन गेले. आणि डिसेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र व कर्नाटक येथील दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशीं करार होऊन, येथें सुमारें २,००० जोड करून घेण्याचें व ते सुमारें ८०० युरोंस विकण्याचें जाहीर झालें. पुष्कळांना या किमतीचा राग आला. मला किमतीचा राग येत नाहीं. चांगली कानवली आपण फार स्वस्त घेत आलों आहों असें माझें जुनें मत आहे. मला कुतूहल आहे तें त्या दोन हजार जोडांच्या खोक्यांत चिठ्ठी असेल का याचें. महाराष्ट्राच्या महामंडळानें २०२५ सालीं चपलेबरोबर एक क्यूआर कोड देण्यास आरंभ केला. मोबाइल फोननें तो वाचला असतां कारागिराचें किंवा तयार करणाऱ्या केंद्राचें नांव व ठिकाण दिसतें. त्या बाईंनीं सुचविलेल्या जागेपेक्षां ही युक्ति कांहींशी कोरडी असेल, परंतु तींत नांव कोणाच्या पायाखालीं येत नाहीं. कारागिराऐवजीं केंद्राचेंच नांव लिहून काम भागविण्याची सोय तींत राहिली आहे, तेवढी मला खुपते.

काळ फार उरला आहे असें नाहीं. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रांत बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी झाली. म्हशीचें कातडें त्यांत येत नाहीं, तरी कातड्याची ने-आण करणारे धास्तावले व चांगला माल दुर्मिळ झाला. ज्यांच्या हातीं रापी आहे त्यांचीं मुलें शिकलीं, तीं रापी धरूं इच्छित नाहींत. आणि ज्या धंद्यानें बापाला पोट दिलें पण मान दिला नाहीं, तो मुलानें पुढें चालवावा असें म्हणण्याचा अधिकार मला तरी नाहीं. आषाढींत निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून जाते, तेव्हां मी वारकऱ्यांचे पाय पाहत उभा असतों. बहुतेक पायांत आतां रबर व प्लास्टिक असतें. चिखलांत तेंच सोयीचें. कानवलीला पाणी मानवत नाहीं, हें तिचा भक्त असूनही मला सांगितलें पाहिजे. भिजली तर ती उन्हांत टाकूं नये, सावलींत वाळवावी, मग तेलाचा हात फिरवावा, आणि प्लास्टिकच्या पिशवींत कधींही कोंडूं नये. या एका बाबतींत आमचा पर्जन्यछायेंतला कोरडा जिल्हा संग्राहकाला फार अनुकूल आहे. कोल्हापूरच्या पावसांत ज्या जोडांवर बुरशी चढते, ते माझ्या फळीवर खुशाल राहतात.

तेथें आज एकतीस जोड आहेत. त्यांपैकीं अकरा चिठ्ठ्यांवर नांव आहे. तुमच्या घरीं माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेंत, एखादा जुना कोल्हापुरी जोड पडला असेल, तर तो मला देऊं नका, टाकूंही नका. घरांत कोणी वृद्ध माणूस असेल त्याला विचारा कीं हा कोठून आणला, कोणाकडून करून घेतला. पूर्वीं पुष्कळ घरांचा चर्मकार ठरलेला असे, आणि आजीबाईंना त्याचें नांव, निदान त्याच्या गांवाचें नांव, अजून आठवत असेल. शक्य तर आजच विचारा. आणि तें एका कागदावर लिहून जोडाबरोबर ठेवा.